झाकणावरचा हात काढ

अगं सोनू, अंडी उबवायच्या यंत्राचा फोटो पाहिला. बारा अंड्यांचं, वर पारदर्शक झाकण, आत पंखा, अंडी आपोआप फिरवणारा ट्रे. चांगलं आहे. पहिल्या खेपेला याहून मोठं घेतलं असतंस तर मीच ओरडले असते. पण ते खोक्यातून बाहेर काढून लगेच अंडी मांडायला बसू नकोस. आधी माझं ऐक, मग तुला हवं ते कर. तसंही तू तुला हवं तेच करतेस.

या प्रकारात हाताने करायचं काम थोडंच असतं, आणि त्यातलं बरंचसं अंडी आत जाण्याआधी उरकायचं असतं. त्यानंतर तुझी खरी परीक्षा, कारण तेव्हा फारसं काही करायचंच नसतं. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत तुला दम निघत नाही. म्हणून लांबण लावून सांगतेय.

सुरुवात अंड्यांपासून. दुकानातल्या ट्रेमधली अंडी ठेवली तर पिल्लं येतील का, असं तू विचारलंस. नाही येणार. अंड्यांसाठी चालवलेल्या पोल्ट्रीत कोंबडाच ठेवत नाहीत, आणि कोंबड्याशिवाय घातलेलं अंडं कितीही ऊब दिली तरी अंडंच राहतं. तपकिरी कवच बघूनही फसू नकोस. गावरान म्हणून विकली जाणारी सगळीच तपकिरी अंडी दारातल्या कोंबडीची नसतात. तुला अशा खुराड्यातली अंडी हवीत जिथे आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरी धडधाकट कोंबडा आहे. कोंबडा गेल्या आठवड्यात जत्रेसाठी कापला गेला असेल तरी लगेच निराश होऊ नकोस. कोंबडीच्या पोटात बीज आठ-दहा दिवस तरी टिकून राहतं, तेवढे दिवस अंडी फळतात. उलट कोंबडा नवा आणला असेल तर दहा-बारा दिवस थांबून मग अंडी गोळा कर. मोकाट फिरणाऱ्या कोंबड्यांच्या बाबतीत पिल्लांचा बाप कोण, हा प्रश्न मात्र विचारायचा नाही. आळीतला कुठलाही असू शकतो.

फळलेलं अंडं बाहेरून ओळखता येत नाही. पाण्यात टाकून तरंगतं की बुडतं हे बघण्याने फक्त शिळं-ताजं कळतं. पण एक सोपा उपाय आहे. त्याच घरची दोन-तीन अंडी ऑम्लेटसाठी घे, बशीत फोड आणि पिवळ्या बलकावरचा पांढरा ठिपका नीट बघ. नुसता छोटा, घट्ट, वेडावाकडा ठिपका असेल तर ते फळलेलं नाही. ठिपक्याभोवती गोल कडं दिसलं, मधला भाग जरा नितळ दिसला, की कोंबडा काम करतोय. तिन्ही अंड्यांत कडं दिसलं तर त्या घराशी सौदा पक्का कर.

जातीचा मोह आत्ता नको. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून जो उठतो तो कडकनाथ म्हणतो. त्याची अंडी महाग, त्यात कुरिअरने मागवलीस तर वाटेत हिंदकळून निम्मी तिथेच वाया. गिरिराजा बंगळूरूची, वनराजा हैदराबादची. दोन्ही संकरातून तयार केलेल्या जाती, म्हणजे त्यांची घरची अंडी उबवून येणारी पिल्लं आईसारखीच निघतील याची खात्री नाही. पहिल्या खेपेला शेजारच्या वाडीतली साधी गावरान अंडी घे. चुकली तर पैशांचा चटका बसणार नाही. आणि तुला नुसती पिल्लंच हवी असतील, उबवण्याची हौस नसेल, तर सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेतच, पुण्याला खडकीत, कोल्हापूरला, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला. तिथे एक दिवसाची पिल्लं मिळतात का याची चौकशी कर. पण तुला हौस आहे, हे मला कळतंय.

अंडी मध्यम आकाराची निवड. फार मोठं नको, त्यात दोन बलक असू शकतात. अगदी बारीक नको. तडा गेलेलं नको, कवच खरबरीत किंवा सुरकुतलेलं नको. आणि हे कान उघडे ठेवून ऐक, अंडी धुवायची नाहीत. मला माहीत आहे, शेण लागलेलं अंडं घरात आणायचं म्हटलं की तुझ्या अंगावर काटा येतो. पण कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांच्यावर निसर्गानेच एक पातळ लेप दिलेला असतो. धुतलंस की तो लेप जातो आणि पाण्याबरोबर घाण आत शिरते. फार बरबटलेली अंडी घेऊच नकोस. एखादा वाळलेला डाग असेल तर सुक्या फडक्याने हलकेच काढ.

बारा अंडी जमेपर्यंत ती ठेवायची कुठे? फ्रीजमध्ये नाही. स्वयंपाकघराच्या गार, सावलीच्या कोपऱ्यात, निमुळतं टोक खाली करून. थंडीच्या दिवसांत सात दिवस चालतात. उन्हाळ्यात तेवढे थांबू नकोस, कारण खोलीच्या नुसत्या गरमीनेच अंड्यात अर्धवट वाढ सुरू होते आणि ती पुढे टिकत नाही. म्हणून मी तुला एप्रिल-मे टाळायला सांगेन. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. दुरून आणलेली अंडी यंत्रात घालण्याआधी एक दिवस तशीच, टोक खाली करून, निवांत राहू दे. आतलं हिंदकळलेलं सगळं थाऱ्यावर येतं.

आता यंत्र. ते आधी चोवीस तास रिकामं चालव, पाणी घालून. जागा अशी बघ जिथे ऊन येत नाही, पंख्याचा झोत लागत नाही आणि येता-जाता कुणी धक्का देत नाही. फ्रीजच्या वर नको, देवघराच्या खिडकीत तर नकोच.

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस. आपल्या भाषेत साडेनव्याण्णव फॅरनहाइट, म्हणजे माणसाला असलं तर आपण कणकण आहे म्हणतो तेवढं. पंखा नसलेल्या, घरी केलेल्या थर्मोकोलच्या डब्यात गरम हवा वर साठते. तिथे अंड्यांच्या माथ्यावर मोजून अंश-दीड अंश जास्त ठेवावं लागतं. तुझ्याकडे पंखा आहे, तू ३७.५ धर. पण यंत्राच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. स्वस्त यंत्रात तो एखाद्या अंशाने सहज चुकतो, आणि इथे एक अंश म्हणजे थोडाथोडका नाही. एक साधा थर्मामीटर आत ठेव. तो तरी खरा की खोटा, हे बघायला घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर काढ. भांड्यात कोमट पाणी घे, दोन्ही त्यात बुडव आणि आकडे जुळतात का बघ. तापाचा थर्मामीटर नेमका याच तापमानांसाठी बनवलेला असतो, म्हणून तो इथे कामी येतो.

ऊब कमी पडणं आणि जास्त होणं, या दोन्हींपैकी वाईट काय, हे लक्षात ठेव. थोडं थंड झालं तर पिल्लं उशिरा येतात, थोडी कमी येतात. जास्त गरम झालं तर मरतात. चाळीस अंशांच्या पुढे काही तास गेले की संपलं. त्यामुळे घाबरून बटण वर वर दाबत बसू नकोस.

वीज जाण्याची तुला भीती वाटतेय ना? वाटायलाच हवी, तुमच्याकडचं लोडशेडिंग मी अनुभवलंय. यंत्र इन्व्हर्टरवर टाकता आलं तर उत्तम, ते फार वीज खात नाही. नसेल तर वीज गेल्यावर झाकण बंदच ठेव आणि वरून गोधडी किंवा जाड चादर टाक. दोन-तीन तासांनी काही बिघडत नाही. कोंबडीसुद्धा खायला-प्यायला अंड्यांवरून उठतेच की. शेवटच्या आठवड्यात मात्र अंडी गच्च गुंडाळू नकोस. तेव्हा आतली पिल्लं स्वतःच ऊब देत असतात आणि त्यांना हवाही जास्त लागते. यंत्राची हवेची छिद्रं मोकळी राहू देत.

आपली आजी आठवते? कोंबडीखालच्या टोपल्यात ती कोळसा आणि लोखंडाचा तुकडा ठेवायची, म्हणजे गडगडाटाने अंडी बिघडत नाहीत, असं ती म्हणायची. गडगडाटाने अंडी बिघडतात हे खरं नाही. पण वळवाच्या गडगडाटाबरोबर आपल्याकडे वीजही जाते, तेव्हा यंत्रवालीने ढगांकडे लक्ष ठेवलेलं बरं.

ओलावा ही गोष्ट पुस्तकात वाचून सगळ्यांचा गोंधळ होतो. पहिले अठरा दिवस पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के, शेवटचे तीन दिवस पासष्ट ते सत्तर. एवढंच. पण तुझ्या यंत्रासोबतच्या कागदावर लिहिलं असेल की दोन्ही खाचा पाण्याने भरा. तो कागद लिहिणाऱ्याला रत्नागिरीचा जुलै आणि अकोल्याचा मे यातला फरक माहीत नाही. कोकणात पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की पहिल्या अठरा दिवसांत एक थेंबही घालावा लागत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात दोन्ही खाचा भरूनही अपुरं पडतं. म्हणून आर्द्रतामापक घे, स्वस्त मिळतो. तो खरा आहे का हे बघायचीही युक्ती आहे. छोट्या वाटीत मीठ घे, चमचाभर पाण्याने ते नुसतं ओलं कर, विरघळवू नकोस. वाटी आणि मापक एका झाकणाच्या डब्यात रात्रभर बंद ठेव. सकाळी आकडा पंचाहत्तरच्या जवळ हवा. सत्तर दाखवला तर तुझा मापक पाचने कमी सांगतो, तेवढे मनात मिळवायचे.

आकड्यांपेक्षा पक्की खूण हवी असेल तर अंड्यांचं वजन कर. अंड्यातलं पाणी हळूहळू उडायलाच हवं, तरच आत हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागा मिळते. अठरा दिवसांत वजन साधारण बारा-तेरा टक्क्यांनी घटावं. बारा अंडी मिळून सहाशे ग्रॅम असतील तर अठराव्या दिवशी सव्वापाचशेच्या आसपास. फारच कमी घटलं तर पाणी कमी कर, जास्त घटलं तर वाढव. स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो.

वार ठरवून अंडी ठेव. एकवीस दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणून ज्या वारी ठेवशील त्याच वारी पिल्लं. शनिवारी रात्री ठेवलीस तर पुढचे दोन शनिवार अंडी टॉर्चवर धरून बघायची, तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी फिरवणं बंद आणि शनिवारी पिल्लं, म्हणजे शाळेलाही सुट्टी आणि तूही घरी. गावरान अंडी लहान असतात, त्यातली काही शुक्रवारीच आटपतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच खुणा कर.

फिरवण्याचं तुझं यंत्रच करेल. तरी प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढ, पेन्सिलने, शाईने नको. ट्रे अडकला तर फुल्या हलत नाहीत हे लगेच दिसतं. हाताने फिरवायची वेळ आली तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा, विषम, म्हणजे रात्रीची मोठी पाळी रोज एकाच कुशीवर जात नाही. फिरवलं नाही तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. आडवी नसतील तर अंड्यांचं रुंद टोक वर हवं, कारण हवेची पोकळी तिथे असते.

सातव्या दिवशी रात्री खोलीत अंधार कर, मोबाइलचा टॉर्च लाव आणि अंड्याचं रुंद टोक त्यावर टेकव. मुलांना बोलाव, हे बघण्यासारखं असतं. लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसला तर समज सगळं ठीक आहे. दुसरा दिवस संपता संपताच हृदय धडधडायला लागलेलं असतं, सातव्या दिवशी तू बघतेस तो काळा ठिपका म्हणजे डोळा. जे अंडं आरपार स्वच्छ दिसतं ते फळलेलंच नव्हतं. एखाद्यात शिरांऐवजी नुसतं लाल कडं दिसेल, ते सुरुवातीलाच दगावलं. अशी अंडी काढून टाक. जिथे शंका असेल ते राहू दे, चौदाव्या दिवशी पुन्हा बघ. तपकिरी कवचातून पहिल्या खेपेला नीट दिसत नाही, त्यात तुझं चुकत नसतं. चौदाव्या दिवशी आत जवळजवळ सगळा अंधार आणि वर हवेची मोकळी जागा, असं दिसायला हवं. वास येणारं किंवा कवचातून काही पाझरणारं अंडं तेवढं तत्काळ आणि हलक्या हाताने बाहेर काढ. ते आत फुटलं तर बाकीच्यांचंही वाटोळं होतं, आणि तो वास घरातून जायला किती दिवस लागतात ते विचारू नकोस.

हे दोनदा बघणं पुरे. रोज रात्री टॉर्च घेऊन बसू नकोस.

तुझ्या सासूबाई म्हणतात ना, यंत्राला काय कळतं, खुडूक कोंबडी बसवा म्हणून? त्यांचं निम्मं बरोबर आहे. खुडूक कोंबडीला ना वीज लागते, ना मापक, अंडीही ती स्वतःच फिरवते आणि पिल्लं बाहेर आल्यावर त्यांना चरायलाही शिकवते. पण ती तिच्या मर्जीने खुडूक होते, आपल्या कॅलेंडरप्रमाणे नाही. मात्र योगायोगाने अंडी यंत्रात असतानाच एखादी खुडूक झाली तर तिला आठ-दहा दिवस आधीपासून दोन-तीन निकामी अंड्यांवर बसव. यंत्रातली एक-दोन दिवसांची पिल्लं रात्रीच्या अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकव आणि ती अंडी काढून घे. बहुतेकदा सकाळी ती आई झालेली असते. सगळ्याच जणी स्वीकारत नाहीत, म्हणून पहाटे उठून बघ, चोच मारत असेल तर पिल्लं परत घे. सासूबाईंना यात घे. हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि आपलं कुणी विचारतंय म्हटल्यावर घरातलं वातावरणही बरं राहतं.

आता शेवटचे तीन दिवस. इथे तू घोटाळा करशील असं मला वाटतं, म्हणून सावकाश सांगते.

अठराव्या दिवशी फिरवणारा ट्रे काढ. खाली जाळी किंवा खरबरीत कापड अंथर, अंडी आडवी ठेव, पाणी वाढवून ओलावा पासष्टच्या वर ने आणि झाकण लाव. इथून पुढे ते झाकण उघडायचं नाही. पाणी घालायचं झालं तर बाहेरून नळीने.

विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू चोचीने आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत तोंड काढतं. तो त्याच्या फुप्फुसांचा पहिला श्वास. कान लावलास तर आतून चिवचिव ऐकू येईल, तू बोललीस तर एखादं उत्तरही देईल. मग काही तासांनी कवचावर चांदणीसारखा तडा दिसेल. चोचीच्या टोकावर एक छोटा कडक दात असतो, तेवढ्यासाठीच उगवलेला, पुढे काही दिवसांत गळून पडतो.

आणि मग काहीच होत नाही. तास, दोन तास, सहा तास, बारा तास. तडा तिथेच, पिल्लू गप्प. या वेळी सगळ्या नवशिक्या बायका झाकण उघडतात. पुरुषही उघडतात, पण ते सांगत नाहीत. पिल्लू अडकलंय, दमलंय, गुदमरतंय, असं काहीबाही मनात येतं. तसं नसतं गं. त्या वेळात उरलेला पिवळा बलक त्याच्या पोटात ओढला जात असतो आणि पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त त्याच्या अंगात परत येत असतं. ते काम पुरं झाल्याशिवाय ते बाहेर येणार नाही, येऊही नये. तडा गेल्यापासून चोवीस तास लागले तरी ते ठीक असू शकतं.

तू झाकण उघडलंस तर काय होतं? आतली ओली हवा एका क्षणात बाहेर पडते. ज्या अंड्यांना तडा गेलाय त्यांचा पापुद्रा सुकतो, चामड्यासारखा होतो आणि पिल्लाला घट्ट आवळून बसतो. मग ते खरोखरच अडकतं. म्हणजे ज्या संकटाच्या भीतीने उघडलंस ते संकट उघडल्यामुळे येतं. आणि कवच सोलायला गेलीस तर आतल्या शिरा अजून भरलेल्या असतात, नखभर सोललं तरी रक्त येतं.

मदत कधीच करायची नाही का? जाणकारांत यावर दोन मतं आहेत. माझं मत सांगते. तडा जाऊन चोवीस तास उलटले, बाकीची सगळी बाहेर आली, आणि एकच असं आहे की ज्याचा पापुद्रा पांढराफटक कोरडा पडलाय, तर कोमट पाण्याचं बोट लावून पापुद्रा ओला करावा आणि तड्याभोवतीचं थोडंसं कवच उचलावं. रक्ताचा ठिपका दिसला की तिथेच थांबून पुन्हा बंद करावं. त्यापलीकडे मी जात नाही. जे पिल्लू पूर्ण सोलून बाहेर काढावं लागतं, ते पुष्कळदा पुढे चार दिवसही नीट जगत नाही. हे कठोर वाटेल, पण तू मुलांच्या देखत हे करणार आहेस, म्हणून आधीच मनाशी ठरवून ठेव.

बाहेर आलेलं पिल्लू ओलं, चिकट आणि केविलवाणं दिसतं. त्यालाही लगेच काढू नकोस. ते बाकीच्या अंड्यांवर धडपडेल, त्यांना लाथा मारेल, मारू दे. ओढून घेतलेल्या बलकावर ते दोन-तीन दिवस अन्नपाण्याशिवाय राहू शकतं. म्हणून तर हॅचरीतली एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून गावोगाव पाठवता येतात. सगळी सुकून फुललेली दिसली की दिवसातून एकदाच, झटपट, एकत्र काढ.

बारा ठेवून सहा-सात आली तर पहिल्या खेपेला ते चांगलं म्हणायचं. शेजारीण विचारेल, उरलेली कुठे गेली म्हणून. तिला चहा दे.

पिल्लांसाठी खोकं आधीच तयार हवं, आयत्या वेळी नाही. पुठ्ठ्याचं मोठं खोकं आणि वर दिवा. दिवा पिवळा, जुन्या पद्धतीचा, तारेचा. घरात आता सगळीकडे एलईडी आहेत, ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. पिल्लं उजेडात बसून गारठून मेल्याची उदाहरणं आहेत. विजेच्या दुकानात साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा बल्ब आताच शोधून ठेव, हल्ली तो चटकन मिळत नाही. वायर घट्ट बांध, बल्ब पुठ्ठ्याला किंवा तुसाला टेकता कामा नये. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली पस्तीस अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघ. दिव्याखाली एकमेकांवर चढून किंचाळत असतील तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोची उघड्या टाकल्या असतील तर उकडतंय. सगळी एकाच कोपऱ्यात असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. चहूकडे पसरून निवांत पडली असतील तर काही करू नकोस.

खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नकोस, पाय फाकतात आणि तसेच राहतात. पहिले दोन-तीन दिवस गोणपाट, मग भाताचं तूस. पाणी उथळ भांड्यात, त्यात स्वच्छ गोटे टाक म्हणजे बुडत नाहीत. पहिल्या दिवशी किंचित गूळ घातलेलं पाणी, प्रत्येकाची चोच एकदा पाण्याला लाव म्हणजे त्यांना कळतं. एक-दोन दिवस मक्याचा बारीक भरडा चालेल, पण पुढे पिल्लांचं तयार खाद्य आण. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर ती वाढत नाहीत, फक्त जिवंत राहतात. मुलांना हात धुवायला लाव, आणि पिल्लांचे पापे घेऊ देऊ नकोस.

मानमोडीची लस चुकवू नकोस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. कुपी एकदम शेकडो पिल्लांची येते आणि विरघळवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचार आणि आळीतल्या ज्यांच्याकडे लहान पिल्लं आहेत त्यांना त्याच दिवशी बोलाव. कुपी बर्फातून आण, पिशवीत टाकून उन्हातून नको. पुढच्या लसी कधी, हे तिथले डॉक्टर तुमच्या भागातली साथ बघून सांगतील.

आता तो विषय जो तू अजून काढला नाहीस. निम्मे कोंबडे निघणार. टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी, असं तुला दहा जण सांगतील. त्यात तथ्य नाही. पाच-सहा आठवड्यांनी तुरे लाल आणि मोठे व्हायला लागले की कळेल. सहा पिल्लांत तीन कोंबडे, ते पुढे आपसात भांडणार आणि पहाटे चारला आरवणार. एक ठेवता येईल. बाकीच्या दोघांचं काय? तोवर तुझ्या धाकटीने त्यांना नावं ठेवलेली असतील. कापायचे, विकायचे की कुणाला द्यायचे, हे नवऱ्याशी आणि सासूबाईंशी आत्ताच बोल, अंडी यंत्रात जाण्याआधी. आणि मुलांना खोटं सांगू नकोस. ‘शेतावर फिरायला गेला’ वगैरे. त्यांना वास येतो.

तेविसाव्या दिवसानंतर जी अंडी तशीच राहिली ती खड्ड्यात पुर, घरात फोडून बघू नकोस. मग यंत्र सुटं कर, पिसांचा भुगा काढ, साबणाने धू, जंतुनाशकाने पूस आणि कडक उन्हात वाळव. पंख्यावर आणि तारांवर पाणी जाऊ देऊ नकोस. त्या वेळी तुला वाटेल, मोकळंच आहे तर लगेच दुसरी बारा ठेवावीत. ठेवू नकोस. तीन आठवड्यांनी ती बाहेर येतील तेव्हा आधीची खोक्यात मावत नसतील, खुराडं तयार नसेल आणि मांजराने वास काढलेला असेल. आधी भावजींकडून खुराड्याला बारीक जाळी मारून घे. मोठ्या भोकांची कुंपणाची जाळी नको, तिच्यातून मुंगूसही शिरतं आणि घूसही.